काठावर

मागच्या उन्हाळ्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी इंग्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींच्या आठवणींचं एक बाड माझ्याकडे अनुवादासाठी पाठवलं. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. भिलाईत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे एका बाजूला बंगाली आणि दुसऱ्या बाजूला मल्याळी शेजार होता, त्यामुळे ऑफसाइड म्हणजे काय एवढं ठाऊक होतं, इतकंच. पण या आठवणी विजयाच्या नव्हत्या. एकही माणूस चषकाबद्दल बोलत नव्हता. सगळे एकाच गोष्टीबद्दल सांगत होते: मोसमाच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या काही मिनिटांत, आपला संघ खालच्या विभागात जाता जाता कसा वाचला.

पहिल्याच पानावर अडले. 'रेलिगेशन'ला मराठीत काय म्हणायचं? ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तिथे लीगचे मजले असतात. मोसम संपला की तळाचे काही संघ एक मजला खाली जातात आणि खालचे तितकेच वर येतात. शब्दकोशातून 'पदावनती' निघाला. पण आमच्या गावात पदावनती ही चौकशी समितीनंतर होते, म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. 'हकालपट्टी'मध्ये हाकलणारा लागतो. 'अधोगती' म्हटलं की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं. मूळ लॅटिन शब्द मात्र नेमका होता. रोमन कायद्यात रेलिगेशन ही हद्दपारीची सौम्य तऱ्हा होती. ऑगस्टसने इसवी सन 8 मध्ये ऑव्हिड कवीला काळ्या समुद्राकाठच्या तोमिसला पाठवलं तेव्हा त्याचं नागरिकत्व आणि मालमत्ता शाबूत होती, आणि आपण निर्वासित नसून 'रेलिगेटेड' आहोत हे तो कवितांमधून पुन्हा पुन्हा बजावत राहिला. ज्याला पाठवलं जातं त्याला हा फरक फार मोठा वाटतो. बाकीच्यांना तो दिसतही नाही.

शेवटी शब्दकोश बाजूला ठेवला आणि चाहते स्वतः जे म्हणतात तेच लिहिलं: 'खाली गेलो', 'वर राहिलो'.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या आठवणींत मिळवलेलं असं काहीच नाही. जे होतं तेच राहिलं, एवढंच. तरीही माणसं तीस-तीस वर्षांनी सांगतात की मी कुठल्या पायरीवर उभा होतो, शेजारी कोण होतं, कानाला ट्रान्झिस्टर कोणी लावला होता. लग्नाच्या दिवसाबद्दल त्यांना इतकं आठवत असेल का, अशी शंका येते. आनंदाला विजय लागतो अशी माझी समजूत होती. इथे आनंद आहे तो न झालेल्या गोष्टीचा. मराठीत त्याला एक अक्षर पुरतं: हुश्श. आणि दहावीच्या निकालाला आपण म्हणतो तो शब्द: काठावर. काठावर पास झालेला मुलगा पेढे वाटतो तेव्हा बोर्डात आलेल्या मुलाच्या पेढ्यांपेक्षा ते जास्त गोड लागतात हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

या बाडातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट एका कुत्र्याची आहे.

1987 पर्यंत इंग्लंडच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या विभागातून कोणी आपोआप बाहेर पडत नसे. तळाच्या चार क्लबांनी अर्ज करायचा आणि लीगमधल्या इतर क्लबांनी मतदान करून त्यांना परत घ्यायचं, अशी रीत होती. जुने लोक जुन्या लोकांना मत देत, त्यामुळे बाहेरच्याला आत येणं कठीणच होतं. 1987 साली नियम बदलला. तळाचा एक संघ बाहेर जाणार आणि बाहेरच्या लीगचा विजेता आत येणार, असं ठरलं. त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी, 9 मे रोजी, सकाळी तळाला होता बर्नली. लीगच्या 1888 च्या संस्थापकांपैकी एक, दोनदा इंग्लंडचा विजेता. त्याच्या वर एका गुणाने टॉर्की, त्याच्याही वर एका गुणाने लिंकन.

बर्नलीने ओरिएंटला 2-1 ने हरवलं आणि सुटका करून घेतली. लिंकन स्वान्सीकडे 2-0 ने हरला. आता टॉर्कीवर सगळं आलं. त्यांचा सामना क्रूशी होता, ते 2-0 ने मागे पडले होते. जिम मॅकनिकोल या बचावपटूने फ्री किकवर एक गोल फेडला, पण अजून एक हवा होता आणि वेळ संपत आली होती. मैदानाच्या कडेला पोलिसांचा अल्सेशियन होता, नाव ब्रिन. मॅकनिकोल चेंडूमागे त्याच्या दिशेने धावत आला. आपल्या हवालदारावर हल्ला होतोय असं कुत्र्याला वाटलं असावं. त्याने मॅकनिकोलच्या मांडीचा लचका तोडला. उपचारांत काही मिनिटं गेली, रेफ्रीने ती शेवटी जोडून दिली, आणि त्या जोडलेल्या वेळात पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की आणि लिंकन यांचे गुण सारखे झाले, गोलफरकावर लिंकन खाली गेला. त्या दिवसाआधी जो क्लब तळाला नव्हता, तो संध्याकाळी एकटाच तळाला होता.

लिंकनच्या जागी वर आला तो स्कारबरो, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या गावातला क्लब. मतदानाशिवाय, निव्वळ खेळून लीगमध्ये आलेला पहिला संघ. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण बारा वर्षांनी, 8 मे 1999 रोजी, तोच स्कारबरो शेवटच्या दिवशी काठावर उभा होता. त्याच्या खाली एका गुणाने कार्लाइल, स्कॉटलंडच्या सीमेजवळचा. स्कारबरोचा पीटरबरोशी सामना 1-1 असा सुटला. इकडे कार्लाइलही प्लिमथशी 1-1 वर होता. एवढ्याने स्कारबरो वाचत होता. त्यांचा सामना आधी संपला आणि लोक मैदानात उतरून नाचायला लागले.

कार्लाइलच्या गोलपाशी जिमी ग्लास उभा होता. मोसमाच्या शेवटी क्लबकडे गोलकीपर उरला नव्हता म्हणून खास परवानगी काढून स्विंडनहून उसना आणलेला. हा त्याचा कार्लाइलसाठीचा तिसरा आणि शेवटचा सामना. वाढीव वेळही संपत आला असताना कॉर्नर मिळाला. ग्लास आपलं गोल मोकळं सोडून पूर्ण मैदान ओलांडून पुढे आला. डोक्याने मारलेला पहिला फटका प्लिमथच्या गोलकीपरने अडवला, चेंडू सुटून ग्लासच्या पायाशी आला आणि त्याने तो आत मारला. दीडशे मैलांच्या आतबाहेर दोन गावं. एका गावात लोक नाचत होते ते थांबले, दुसऱ्या गावात थिजले होते ते नाचायला लागले. सेकंद एकच.

जिमी ग्लास लवकरच खेळातून बाहेर पडला आणि पुढे टॅक्सी चालवू लागला. कार्लाइल पाच वर्षांनी, 2004 मध्ये, शेवटी लीगमधून खाली गेलाच, आणि वर्षभरात परत वर आला. स्कारबरो क्लब कर्जात बुडून 2007 साली बंद झाला.

बाडात कार्लाइलच्या माणसाने या गोष्टीला चार पानं दिली आहेत. त्यात स्कारबरोचं नाव एकदा येतं. टॉर्कीच्या आठवणीत लिंकनचं नाव अर्ध्या वाक्यात आहे. कुत्र्याचं नाव तीनदा आहे. मी तक्रार म्हणून हे मोजलं नाही. अनुवादकाला नावांची यादी करायची सवय असते, लिप्यंतर एकसारखं राहावं म्हणून. यादी करताना दिसलं की वाचलेल्यांच्या गोष्टीत बुडालेल्यांना जागा नसते. आपल्याकडे 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतात. ज्याला तारलं नाही त्याच्याबद्दल ती म्हण काय म्हणते, हे आपण कधी विचारत नाही.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. काका मोहन बागानचे. प्लांटमधून निवृत्त होऊनही सकाळी भोंग्याच्या आधी उठणारे. आमचं बोलणं भिलाईच्या हिंदीत होतं, जिच्यात अर्धे शब्द आपापल्या घरचे असतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू महाश्वेतादींची कुंतीची गोष्ट वाचली आहेस ना? मग मला काय विचारतेस?"

वाचली होती. लाक्षागृह आपल्याला लहानपणापासून माहीत असतं: विदुराने सावध केलं, भुयार खणलं, पांडव थोडक्यात वाचले. आदिपर्वातला एक तपशील मात्र सांगणारे गिळतात. त्या रात्री घरात एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे होते. जेवायला आले होते, दारू पिऊन तिथेच झोपले. सकाळी राखेत सहा देह सापडले म्हणून तर हस्तिनापुराची खात्री पटली. पांडवांची सुटका पुरी झाली ती त्या सहा जणांमुळे. 'कुंती ओ निषादी' या कथेत म्हाताऱ्या कुंतीला वनात त्या घरातली एक बाई भेटते. कुंती आपली आयुष्यभरची पापं मनाशी मोजत असते आणि त्या यादीत हे सहा जण नसतातच. बाई तेवढंच तिच्या लक्षात आणून देते.

"पण काका, टॉर्कीने लिंकनला जाळलं नाही," मी म्हणाले. "त्यांनी फक्त गोल केला. गोल करायलाच तर उतरले होते."

"तेच म्हणतो," काका म्हणाले. "जाळलं नाही. पण नाव विसरले ना?"

मला वाटतं इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती सोडवायला हवी. काठावरचा आनंद वाईट आहे का, हा एक प्रश्न. त्या आनंदातून दुसरा माणूस पुसला जातो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबद्दल मी फार कडक होऊ शकत नाही. रोमन कवी लुक्रेशियसने किनाऱ्यावर सुरक्षित उभं राहून वादळातलं जहाज पाहणाऱ्याचं सुख वर्णिलं आहे. त्याने लगेच खुलासा केला की सुख दुसऱ्याच्या हालांचं नाही, आपण त्यात नाही याचं आहे. तो खुलासा मला कायम वकिली वाटत आला. पण शेवटच्या दिवशीचा चाहता किनाऱ्यावर नसतोच. तो त्याच पाण्यात असतो. फळी एकच असते आणि ती कोणाच्या हाती लागेल हे लाट ठरवते. त्या अवस्थेत 'हुश्श' म्हणणाऱ्याकडे बोट दाखवणं हा किनाऱ्यावरच्यांचा उद्योग आहे.

कधीकधी अर्थात बोट दाखवावंसं वाटतं. 15 मे 2005 रोजी वेस्ट ब्रॉमिच अल्बियन हा नाताळला तळाशी असलेला संघ शेवटच्या दिवशी वाचला. त्यांनी पोर्ट्समथला 2-0 ने हरवलं, आणि मग खेळाडू व प्रेक्षक दुसऱ्या मैदानावरची बातमी यायची वाट बघत मैदानातच थांबले. तिथे हरलेल्या पोर्ट्समथचे चाहतेही नाचत होते. कारण त्याच दुपारी त्यांचा शेजारी आणि वैरी साउदॅम्प्टन खाली गेला होता. आपला संघ हरतोय म्हणून खूष होणं हा प्रकार समजायला मला दोन दिवस लागले. नंतर आमच्या जुन्या कॉलनीतली बढतीची यादी लागायची ती संध्याकाळ आठवली आणि लगेच समजला.

आता नशिबाबद्दल. थॉमस नेगलने 1976 मध्ये एक उदाहरण दिलं होतं. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीपुढे पोर धावत येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण आयुष्यभर दोषी मानतो, दुसऱ्याला तो काय करून बसला असता याची खबरही नसते. हे उलटं धरून पाहा. दोन संघ सारखेच वाईट खेळले (वाईट खेळल्याशिवाय कोणी तळाला जात नाही, हे चाहतेच सर्वांत आधी कबूल करतात). एकाच्या बचावपटूला कुत्रा चावला. मग वाचलेले 'आम्ही झुंजलो' म्हणतात, बुडालेले 'आमची लायकीच नव्हती' म्हणतात, आणि दोघांच्याही वर्तनात फरक असतो एका लचक्याचा. नशिबाने मिळालेल्या गोष्टीला आपण फार लवकर स्वभाव म्हणायला लागतो.

तरी मला हे नशीब सहन होतं. का होतं ते कळायला मला इंग्लंड सोडून आपल्याकडे यावं लागलं.

2012 च्या 9 डिसेंबरला मोहन बागानने ईस्ट बंगालविरुद्धचा सामना अर्ध्यावर सोडला. दोन वर्षांची बंदी आली. महिन्याभरात ती मागे घेतली गेली, दोन कोटींचा दंड झाला आणि आतापर्यंतचे सगळे गुण पुसून संघाला शून्यावर आणलं. बाकीच्या मोसमात शून्यापासून चढून बागान आय-लीगमध्ये राहिला. काका ते दिवस अजून तारखांसकट सांगतात. पण त्यांनाच मी विचारलं की 1889 चा क्लब नसता, एखादा लहान क्लब असता, तर बंदी मागे घेतली असती का? काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "चहा घे."

नंतर वाचत गेले तेव्हा दुसरीच गोष्ट हाती आली. आय-लीगमध्ये तेव्हा एक नियम होता: मोठी रक्कम भरून थेट आलेल्या नव्या क्लबला पहिली काही वर्षं खाली ढकलायचं नाही. 2015 साली पणजीचा डेम्पो, पाच वेळा देशाचा विजेता, खाली गेला. त्याच मोसमात पुण्याच्या भारत एफसीला तळाची भीती नव्हती. कसाही खेळला असता तरी तो राहणार होता. पुढच्या वर्षी, 2016 मध्ये, नऊ संघांत पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स शेवटचा आला आणि राहिला. खाली पाठवलं गेलं ते त्याच्या वर, आठव्या क्रमांकावर असलेल्या आयझॉलला. मिझोरामसारख्या राज्यात जिथे शनिवारची संध्याकाळ म्हणजे फुटबॉल, तिथल्या संघाला आपण शेवटचे नसूनही शेवटचे कसे, हे कोणी समजावलं असेल?

त्या मोसमानंतर गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेतलं गेलं. त्यांनी खालिद जमीलला प्रशिक्षक म्हणून आणलं. जमील 2009 पासून मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. थोडक्या पैशांत, बचावावर भर देत, टीका सोसत त्याने तो संघ वर्षानुवर्षं वर ठेवला होता. कूपरेजवरचा मुंबईकर प्रेक्षक त्या खेळाला कंटाळलेला असायचा. क्लबने त्याला जाऊ दिलं. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला 1-1 अशी बरोबरी करून आयझॉल भारताचा विजेता ठरला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली गेला. वाचण्याची कला कंटाळवाणी दिसते. ती नसली की काय होतं, ते मुंबईच्या चाहत्यांना एकाच वर्षात कळलं.

2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने तर पहिल्या दहा वर्षांत हा जिनाच ठेवला नाही. कोणी खाली जात नसे. तळाच्या संघाचा शेवटचा सामना म्हणजे परीक्षेनंतरचा शाळेचा आठवडा. त्या चाहत्यांना वाईट मोसम आठवत असतील, पण कानाला ट्रान्झिस्टर लावलेली दुपार त्यांच्या वाट्याला आली नाही. पैसे गुंतवणाऱ्याला सुरक्षितता हवी असते, हा युक्तिवाद मला समजतो. क्लब बंद पडले की खेळाडूंच्या घरी पगार थांबतो, तेही खरं. पण सुरक्षितता विकत घेता येते तेव्हा ती कोणाच्या तरी हातून काढून घेतलेली असते. टॉर्कीच्या कुत्र्याला कोण लिंकनचं आणि कोण क्रूचं हे ठाऊक नव्हतं. आयझॉलला खाली ढकलणारा कागद मात्र नाव वाचून लिहिलेला होता.

हे मी कागदावर सहज लिहिलं, पण लिहिताना मला माझीच एक यादी दिसत होती.

तौलनिक साहित्याच्या एम.ए.साठी मी गावापासून खूप दूरच्या एका विद्यापीठात प्रवेशपरीक्षा दिली होती. वीसेक वर्षं झाली. यादी टाइप करून काचेच्या फळ्यावर लावली होती. माझं नाव शेवटचं. त्याखाली प्रतीक्षायादी. तिच्यात पहिलं नाव एका मुलीचं होतं, जिच्याबरोबर मी आदल्या दिवशी व्हरांड्यात डबा खाल्ला होता. ती राजनांदगावची, मी भिलाईची, अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या दोघी, आणि भेटलो त्या परक्या शहरात. मराठी ऐकून एकमेकींना चिकटलो होतो. आमच्यात फरक एका गुणाचा होता. ती महिनाभर थांबली. वरच्यांपैकी कोणीच जागा सोडली नाही.

पुढे ही माझी ठेवणीतली गोष्ट झाली. 'काठावर एम.ए. झाले' म्हणून मी ती कार्यक्रमांत, जेवणांत, मुलाखतीत सांगत असे. शेवटचं नाव आपलं आहे हे कळायला मी यादी वरून कशी वाचली, मधे कसा धीर सुटला, मग एकदम खाली कशी उडी मारली. लोक हसायचे. त्या मुलीचं नाव त्या गोष्टीत नव्हतं. 'खालच्या मुलीला माझ्यापेक्षा एकच गुण कमी' एवढं होतं, गोष्टीला धार यावी म्हणून.

चार वर्षांपूर्वी दुर्गला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत मी ती सांगितली. समोर बसलेल्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खालची रेघ निळ्या शाईची होती. टाइप केलेल्या यादीत नंतर पेनाने मारलेली." मी बघत राहिले. मला रेघ आठवतच नव्हती. मी तिच्या वरच्या बाजूला होते.

तिचं आयुष्य बुडालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणण्यात माझीच फुशारकी आहे, जणू तो एम.ए. म्हणजे अमृत होतं. ती राजनांदगावला शाळेत शिकवते आणि तिच्या मुलांच्या वह्या पाहिल्यावर मला वाटलं की माझ्या काही अनुवादांपेक्षा त्यांतलं मराठी जिवंत आहे. त्या दिवशी मी तिची माफी मागितली, म्हणजे मागायला लागले. तिने मला मधेच थांबवलं.

"अगं, तुझी कशाला? तुला एक गुण जास्त होता. मला तुझा कधी राग आला नाही. ते दोघे आठवतात का तुला?"

कोण दोघे ते कळायला मला वेळ लागला. मग आठवलं. आमच्या वर्गात दोन जण असे होते ज्यांनी प्रवेशपरीक्षा दिलीच नव्हती. राखीव जागांवरचे नव्हेत, ते सगळे परीक्षा देऊन यादीत होते. हे कोणाच्या तरी शिफारशीवर, यादी लागण्याआधीच आलेले. त्यांची नावं फळ्यावर नव्हती, थेट हजेरीपटावर होती. वर्गात सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्याकडून नोट्स घेतल्या, एकाच्या घरी दिवाळीही केली. माणसं चांगली होती. आणि इतकी वर्षं मला मधूनमधून जी टोचणी लागायची ती सगळी या एका गुणाने मागे राहिलेल्या मुलीबद्दल होती. त्या दोन जागा कुठून आल्या याकडे मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. तिने महिनाभर त्या फळ्यापुढे उभी राहून पाहिलं होतं. काठावरच्या माणसाला काठावरचाच माणूस दिसतो, कारण तोच हाताच्या अंतरावर असतो. ती मात्र तिथे उभी राहून पार वरपर्यंत बघून आली होती.

तिच्याशी मैत्री आता फोनवरची आहे, अधूनमधून भेटीची. ती गोष्ट मी पंगतीत सांगणं सोडलं. सोडलं म्हणजे सांगितली तर पूर्ण सांगते, आणि पूर्ण सांगितली की लोक हसत नाहीत, मग आपोआपच कमी सांगितली जाते.

दिवाळी अंकाचं काम संपत आलं तेव्हा मी राजनांदगावला गेले होते. तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला कुत्र्याची गोष्ट सांगितली. ब्रिन, मॅकनिकोलची मांडी, जोडून मिळालेली मिनिटं, डॉब्सनचा गोल. ती भजी तळत होती आणि इतकी हसली की झारा बाजूला ठेवावा लागला. मी पुढे स्कारबरोकडे वळणार होते, जिमी ग्लासपर्यंत न्यायची होती तिला. तिने मधेच विचारलं, "आणि ते लिंकन? त्यांचं काय झालं पुढे?"

मला ठाऊक नव्हतं. सगळा अनुवाद झाला होता, नावांची यादी तयार होती, आणि हे मी शोधलंच नव्हतं. मोबाइल काढला, तेलकट ओट्यावर टेकवला आणि दोघींनी मिळून पाहिलं. पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, खालच्या लीगमध्ये पहिले येऊन ते परत वर आले होते.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढचा घाणा तेलात सोडला.